एक मिलिमीटरची चकती: फिल्टर घरी भरण्याचा एका हंगामाचा अनुभव

रुमालाला काळं लागलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

मालवणात आम्ही पाहुण्यांना समुद्रात डायव्हिंगला नेतो. श्वासाच्या हवेचे आमचे बारा सिलिंडर आणि ते भरायला मिनिटाला शंभर लिटरवाला छोटा कॉम्प्रेसर. हवा त्याच्या फिल्टरमधून गाळून सिलिंडरमध्ये जाते. ऑक्टोबरात फिल्टरच्या तयार कार्ट्रिजचा (आतल्या नळकांड्याचा) भाव ऐकला आणि रिकामं करून पुन्हा भरता येणारं कार्ट्रिज, मॉलिक्युलर सिव्ह (पाणी शोषणारे दाणे), तेलाची वाफ धरणारा कार्बन आणि फेल्टच्या जाड कापडी चकत्या असा संच मागवला. एका तयार कार्ट्रिजच्या पैशात तीनदा भरून होतं. एवढं कळल्यावर मी पुढचं काही वाचलं नाही, ही माझी चूक.

तिसऱ्या भरणीनंतर नळीच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरून व्हॉल्व्ह किंचित सैल केला. रुमालावर राखाडी ठिपका. कार्बनची भुकटी. उघडून बघतो तर फेल्टची चकती नळकांड्यापेक्षा जेमतेम एक मिलिमीटर लहान, आणि कडेने दाणे खाली उतरलेले.

पुरवठादाराला फोन केला. ‘साहेब, तुम्ही ठोकून भरलं नसेल.’

राग आला, पण माणूस अर्धा बरोबर होता. डब्यात तांदूळ ओततात तसं मी ओतलं होतं. थोडं थोडं घालून, दरवेळी बाजूने टकटक करून दाणे बसवावे लागतात. नाहीतर प्रत्येक वेळी दाब चढता-उतरता दाणे एकमेकांवर घासतात आणि त्यांचं पीठ होतं. नीट ठोकल्यावर त्याच जागेत 12 ग्रॅम जास्त मावलं. ठिपका लहान झाला, गेला मात्र नाही. म्हणजे उरलेला अर्धा दोष चकतीचाच. हे मी त्याला सहा वेळा सांगितलं.

क्रमाबद्दल एकच: हवा आधी सिव्हमधून, मग कार्बनमधून. ओल्या कार्बनला तेलाची वाफ धरता येत नाही. उलटं भरलं तर सगळा खर्च पाण्यात.

खरा आनंद दिला तो काकूच्या काजू मोजायच्या काट्याने. पहिल्यांदा पडवीत बसून भरत होतो. 210 ग्रॅम सिव्ह काट्यावर ठेवलं आणि चहा घेईपर्यंत आकडा वर सरकलेला! ते हवेतलं पाणी पीत होतं. आता डबा फोडला की बोलणं बंद, भरून झाकण लावल्यावरच चहा. पण त्यावरून डोकं चाललं: फिल्टर कधी बदलायचा यासाठी तास कशाला मोजायचे, वजनच करावं. सिव्ह स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं पाणी धरतं. म्हणजे आमच्यात 42 ग्रॅम. मी 35 ला थांबतो.

इथे माझं मत बदललं. मार्चपर्यंत मी ‘माल निकृष्ट आहे’ असंच सांगत फिरत होतो, कारण डिसेंबरात साठेक सिलिंडर भरून देणारी भरणी आता चाळिशीतच जड व्हायला लागली होती. मालाचा दोष नव्हता. 20 अंशाला एक घनमीटर हवा सतरा ग्रॅम वाफ धरते, 30 ला तीस, 40 ला एक्कावन्न. कॉम्प्रेसरच्या पुस्तकातले फिल्टर बदलायचे तास 20 अंश धरून दिलेले. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये 20 अंश शेवटचे कधी होते कोण जाणे. आता दर दहा मिनिटांनी मोबाइलचा गजर होतो, कॉम्प्रेसरमध्ये साठलेलं पाणी सोडायचं, आणि ऊन चढायच्या आत भरणं उरकायचं. त्या पुरवठादाराची या बाबतीत माफी मागायला हवी. चकतीच्या बाबतीत नाही.

वापरलेलं सिव्ह फेकताना जिवावर येतं. काकू म्हणाली, ‘अरे, सुकटासारखा उनात घाल, सुकतला!’ नाही सुकत. त्याला अडीचशे अंशांच्या वरची भट्टी लागते, आणि त्यात मुरलेलं तेल राहतं ते वेगळंच. फेकतो.

कार्बन मोनॉक्साइडचं मात्र रुमालाला काही कळत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. युरोपीय मानकात त्याची मर्यादा 5 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत पाच भाग आहे. कार्बन तो धरत नाही. त्यासाठी हॉपकॅलाइट नावाचं वेगळं रसायन लागतं, आणि तेही ओल लागली की निकामी. वीज गेली की आम्ही पेट्रोल इंजिनावर जातो, तेव्हा हवा घ्यायची नळी धुराच्या विरुद्ध बाजूला, वाऱ्याच्या तोंडाशी नेतो आणि मीटर लावतो. इथे काटकसर केली नाही.

चकतीचं पुढे काय झालं? बाजाची पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे अस्सल लोकरीचं फेल्ट होतं, पण लालभडक. तो रंग पाहुण्यांच्या फुफ्फुसात नको म्हणून परत दिलं. शेवटी मे महिन्यात दुसऱ्याकडून बरोबर मापाच्या चार चकत्या आल्या. चकत्यांचे 80 रुपये, कुरिअरचे 140. रुमाल पांढरा राहिला, आणि आठवड्याभरात समुद्र बंद झाला.