१३० मिमीची टेबलटॉप दुर्बीण: शाळेसाठी घ्यावी काय?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेसाठी वर्गणी करून ही दुर्बीण मागवली. आरसा १३० मिमी, नाभीय अंतर (आरशापासून प्रकाश एकवटतो तिथवरचं) ६५० मिमी, म्हणजे आरशाच्या पाचपट, यालाच एफ/५ म्हणतात. १० मिमीच्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) ६५ पट दिसतं आणि तेवढ्यात शनीचं कडं ग्रहापासून सुटं ओळखू येतं. पोरं हटायलाच तयार नाहीत, सरपंचही लाइनीत!

तक्रार काठाची. मधोमध तारे टोकदार, पण कडेला त्यांना शेपट्या फुटतात. माल खराब नाही. परवलयाकार आरसा अक्षावरचाच प्रकाश नीट एकवटतो, तिरक्या किरणांत कोमा, म्हणजे ही शेपटी, येतोच, अन् एफ/५ ला जास्त. शिवाय प्रकाश आयपीसकडे वळवणारा नळीतला दुय्यम आरसा थोडा प्रकाश अडवतो.

आरसे तिरपे बसवून हा दुय्यम आरसा वाटेतून काढता येतो. पण साधे गोलीय आरसे तिरपे केले की अ‍ॅस्टिग्मॅटिझम (तारा बिंदूऐवजी रेघेसारखा ताणला जाणं) बोकांडी बसतो. तो घालवायचा एक मार्ग म्हणजे फ्रीफॉर्म आरसा, ज्याच्या पृष्ठभागाला फिरतीची सममिती नसते. डिझाइन संगणकावर जमतं. तो वाकडा आकार घासणं आणि तपासणं महाग. आपल्या वर्गणीत बसत नाही, जाऊ द्या.

विक्रेत्यानं कोलिमेशनची, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवण्याची, माहितीच दिली नाही, स्क्रूही ढिले. टिनाच्या खोलीतून काढल्यावर आरसा गार होऊ द्या, नाहीतर चित्र उकळत राहतं. आणि शेजारी सोयाबीनचं थ्रेशर चालू असेल तर झाकण उघडूच नका.

पाचपैकी चार तारे. एक विक्रेत्याचा कापला.