कोल्हापुरातलं बंदूक दुरुस्तीचं दुकान: जुन्या दुनाळीसाठी खात्रीचं

वडिलांची दुनाळी, म्हणजे दोन नळ्यांची बारा बोअर बंदूक, माझ्या नावावर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, तेव्हा वडिलांनी बंदुकीवरचा हात आवरला. आता ती आमच्या काजूच्या बागेत राखणीपुरती. दर निवडणुकीला ती जमा करावी लागते. यंदा परत मिळाली तेव्हा नळ्यांत गंजाचे ठिपके होते.

दुकानातल्या चाचांनी बंदुकीला हात लावण्याआधी परवाना मागितला, नंबर ताडून पाहिला. मग बंदूक बिजागरीवर उघडून काडतुसाची कोठी रिकामी असल्याची खात्री केली, तीही दोनदा. मला हे फार आवडलं. नळ्या उजेडाकडे धरून मलाही आत बघायला लावलं. गंज वरवरचाच निघाला. बिजागरी किंचित सैल होती, ती बसवली. लाकडी दस्त्याला पॉलिश नको म्हणाले, जवसाचं तेल चोळलं. पुतण्याला एकट्याला पाठवलं असतं तर बंदूक दिली नसती, हेही स्पष्ट सांगितलं.

तक्रार एकच: खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसं संपलेली होती आणि कधी येतील ते फोनवर कळत नाही. दुरुस्तीला मात्र बिनधास्त जा, मूळ परवाना घेऊन. झेरॉक्स चालत नाही.