काठ आरशासारखा होता

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), एक जुनी लेथ, चार माणसं. ॲल्युमिनियम आणि माइल्ड स्टीलवर आमचं पोट. गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने कार्बन फायबरच्या 60 प्लेटांचं काम दिलं. ही प्लेट म्हणजे कार्बनच्या तंतूंचे थर इपॉक्सी या गोंदाने एकावर एक चिकटवलेले. जाडी 4 मिलिमीटर, सगळ्या बाजूंनी प्रोफाइल कापायचं, काठाला आरए 3.2 च्या आत फिनिश (आरए म्हणजे खडबडीतपणाचा आकडा, जितका कमी तितकं गुळगुळीत), आणि ड्रॉइंगवर ठळक अक्षरात: थर सुटलेले चालणार नाहीत. शीट त्यांचीच.

माझ्या मशीनवर ते करायची माझी हिंमत नव्हती. कार्बनची धूळ वीजवाहक असते, कंट्रोल पॅनेलमध्ये शिरली तर कार्ड उडतं. शिवाय ती फुप्फुसाला वाईट. धूळ खेचणारी यंत्रणा माझ्याकडे नाही, म्हणून काम बाहेर द्यायचं ठरवलं. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं.

ज्याच्याकडे दिलं तो आपलाच, मराठी. दांडिया बाजारातल्या एका लग्नात ओळख झालेली. "काका, तुम्ही काळजीच करू नका, आपल्याकडे पीसीडी टूल आहे," असं म्हणाला आणि एक नमुना हातावर ठेवला. पीसीडी म्हणजे कापणाऱ्या धारेवर कृत्रिम हिऱ्याचा तुकडा ब्रेझ करून, म्हणजे धातूच्या सांध्याने, बसवलेलं टूल. कार्बनचे तंतू साध्या कार्बाइड टूलची धार बघता बघता खातात, म्हणून या कामाला ते वापरतात. नमुना खरोखर छान होता. प्लेटमागे 1,400 रुपये ठरले, निम्मे आगाऊ दिले. माल गुजराथ्याकडे दिला असता तर मी चार प्रश्न विचारले असते. आपला माणूस म्हणून एकही विचारला नाही.

पंधरा दिवसांनी 60 प्लेटा आल्या. काठ काळेभोर, आरशासारखे चकचकीत. सोबत पाच प्लेटांचे फिनिश रिपोर्ट, आरए 1.12, 1.09, 1.18 असे. 3.2 मागितलं होतं, मिळालं 1.1! मी खूश झालो. इन्वर्डवर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीवर, सही केली, उरलेले पैसे दिले, माल पुण्याला रवाना.

आठवड्याने फोन. त्यांच्याकडे प्लेट चिकटवण्याआधी काठ ॲसिटोनने पुसतात. फडकं काळं झालं, काठावरचा चकचकीतपणा फडक्यावर आला, आणि खालून सुटलेले थर दिसू लागले. आधी मला वाटलं, तेच काहीतरी लपवतायत. पाच प्लेटा परत मागवल्या.

माझा कलाभवनातला (इथलं इंजिनिअरिंग कॉलेज) एक वर्गमित्र मोजमापाच्या प्रयोगशाळेत काम करतो. त्याने त्या हातात घेतल्या आणि पहिला प्रश्न विचारला: "थर मोजता येतायत का?" येत नव्हते. नीट कापलेल्या काठावर प्रत्येक थर वेगळा दिसतो, कारण तंतूंच्या दिशेप्रमाणे प्रकाश वेगवेगळा परततो. या प्लेटेत पाव मिलिमीटरचे सोळा थर होते. मला मात्र एकच काळी पट्टी दिसत होती. त्याने कापसावर ॲसिटोन घेतलं, काठावर काही वेळ दाबून धरलं आणि घासलं. हळूहळू पट्टीचे थर झाले. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पुसून वाट पाहिली. काठ सुकला, पण तीन ठिकाणी ओल्या रेघा तशाच राहिल्या. "या भेगा," तो म्हणाला. अल्कोहोल आत शिरतं आणि उशिरा सुकतं. एवढी साधी चाचणी, बाटलीभर अल्कोहोल नि एक चिंधी. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण मला कुणी शिकवली नव्हती.

मग झालं काय होतं? भेगांत पातळ सुपरग्लू सोडलेला, त्यात कार्बनची धूळ कोंबलेली, सँडपेपर मारून वर पारदर्शक लॅकर. सुपरग्लूने काठ सील करणं काही चोरी नाही, ड्रोनच्या फ्रेमवाले उघडपणे करतात. फरक इतकाच की ते चांगला काठ सील करतात आणि सांगून करतात.

आता रिपोर्टची गंमत. पाचही रिपोर्टवरचे आलेख मित्राने खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. रेघ एकच! तिसऱ्या टप्प्यातला उंच सुळका पाचही कागदांवर त्याच जागी. आकडे तेवढे बदललेले. कोणत्या प्लेटची कोणती बाजू मोजली, कोणत्या थरावर मोजणाऱ्या यंत्राची सुई फिरवली, काहीच लिहिलेलं नाही.

आणि समजा ते मोजमाप खरं असतं तरी? इथे मला खरा धडा मिळाला. आरए ही सरासरी आहे. एखादा खोल खड्डा तिच्यात विरून जातो. म्हणून कार्बनसाठी आरझेड हा दुसरा आकडाही मागावा, त्यात सुळका आणि दरी पकडली जाते. दुसरं, 4 मिलिमीटर काठावर आडवी सुई फिरवायला जागाच नसते. 0.8 मिलिमीटरच्या कटऑफला, म्हणजे मोजणीच्या एका टप्प्याला, असे पाच टप्पे मोजायलाच 4 मिलिमीटर लागतात, शिवाय पुढेमागे धाव. म्हणून सगळे लांबीच्या दिशेने मोजतात आणि मग सुई कोणत्या थरावर पडली यावर निकाल ठरतो. कापण्याच्या दिशेला समांतर तंतूंचा थर गुळगुळीतच मिळतो. तंतू टूलच्या उलट तिरपे, साधारण 135 अंशांत आले, तर ते आधी वाकतात आणि मग कापाच्या पातळीच्या खालीच तुटतात, तिथे खड्डे पडतात. त्यात टूल बोथट असेल तर घर्षणाच्या उष्णतेने इपॉक्सी मऊ होऊन खड्ड्यांवर लोण्यासारखी पसरते. सुई म्हणते, वा! काठ मात्र आतून पोखरलेला.

मी न सांगता त्याच्या शेडवर गेलो. स्पिंडलमध्ये सोनेरी रंगाची कार्बाइड एंड मिल (कापायचं टूल) होती. सोनेरी म्हणजे टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा. पीसीडी असतं तर धारेवर करडा तुकडा आणि ब्रेझिंगची रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसली असती. धार गोल झाली होती, बोटाला लागतसुद्धा नव्हती. प्लेटेखाली आधाराची फळीही नव्हती, त्यामुळे खालचा थर सुटणारच. मी विचारलं, "पीसीडी कुठाय?" म्हणाला, "धार लावायला गेलंय, काका. आणि एवढ्यात कोण बघतं, चालशे."

पुण्याने शीटच्या किमतीसह 2,10,000 रुपयांची डेबिट नोट काढली. मी भरतोय, हप्त्याने. गिऱ्हाईक टिकलंय, पण आता प्रत्येक लॉटमधला एक तुकडा ते कापून बघतात, माझ्या खर्चाने.

त्याला वकिलाची नोटीस पाठवली. उत्तर दोन ओळींचं आलं: माल तपासून घेतला, रिपोर्ट बघितले, इन्वर्डवर तुमची सही आहे.

सही आहेच.