शोधनिबंधासाठी युगोस्लाव्हियाचं न्यायाधिकरण घ्यावं की आयसीसी?

दरवर्षी सिनॉप्सिस द्यायची वेळ आली की एलएलएमचं कुणीतरी ऑफिसात येऊन बसतं आणि तोच प्रश्न विचारतं. युद्धगुन्ह्यांवर लिहायचंय, निकाल कुणाचे घेऊ? जुन्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाचे (1990 च्या दशकातल्या तिथल्या युद्धांमधल्या गुन्ह्यांसाठी नेमलेलं) की आयसीसीचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे? (मराठीत ‘आयसीसी निकाल’ शोधलंत तर आधी क्रिकेटचे स्कोअर येतात, तेवढं धरून चला.) दोन्ही हेगमध्ये, एक 2017 अखेर बंद झालं, दुसरं चालू आहे, हे तुम्हाला माहीत असणारच. मला ही निवड करावी लागली होती आणि पहिल्या खेपेला मी ती चुकवली होती, म्हणून चार गोष्टी सांगतो.

माझा विषय होता संरक्षित वास्तूंवरचे हल्ले, म्हणजे रुग्णालयं, प्रार्थनास्थळं, जुनी स्मारकं. मी डोळे मिटून आयसीसी घेतलं. कारण रोम कराराचं, म्हणजे ज्या करारावर आयसीसी उभं आहे त्याचं, आठवं कलम. युद्धगुन्ह्यांची यादी पोटकलमांसकट तयार, प्रत्येक गुन्ह्याचे घटक वेगळ्या दस्तऐवजात एकाखाली एक मांडलेले. आयपीसी घोकून मोठ्या झालेल्या माणसाला हे अगदी घरचं वाटतं. त्यापुढे युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाच्या कायद्याचं तिसरं कलम फारच मोकळंढाकळं. पाच उदाहरणं देतं आणि यादी एवढ्यावर संपत नाही असं स्वतःच सांगून टाकतं. उरलेलं न्यायाधीशांनी प्रथागत कायद्यातून, म्हणजे देशांच्या रूढ वागण्यातून बनलेल्या नियमांतून, शोधून काढायचं. तेव्हा मला तो ढिलेपणा वाटला होता.

मग ‘हल्ला’ या एका शब्दाने माझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं खाल्ली.

सुरुवात छान झाली होती. मालीच्या टिंबक्टूमधले दर्गे 2012 मध्ये कुदळी-पहारींनी पाडले, त्याबद्दल अल महदीला सप्टेंबर 2016 मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली. त्याने गुन्हा कबूल केला होता. पाडापाडीच्या वेळी शहर त्याच्याच सशस्त्र गटाच्या ताब्यात होतं, तिथे लढाई चालू नव्हती. तरी न्यायालयाने त्याला ‘हल्ला’ म्हटलं. संरक्षित वास्तूवर हिंसा झाली ना, मग लढाईत झाली की ताबा मिळाल्यावर, हा फरक करणार नाही, असं स्वच्छ सांगितलं. मी त्यावर पंचवीसेक पानांचं प्रकरण उभं केलं.

त्यानंतर जुलै 2019 मध्ये एनटागांडा या बंडखोर सेनानीचा निकाल आला. काँगोतला इतुरी प्रांत, 2002-03 चा संघर्ष. मोंगब्वालूचं रुग्णालय लुटलं, सायोच्या चर्चची नासधूस झाली, सायोच्याच आरोग्यकेंद्रावरही चाल झाली. खंडपीठाने आरोग्यकेंद्राला हल्ला म्हटलं, कारण ते लढाईच्या ओघात झालं. चर्चचं प्रकरण चाल संपल्यावरचं, म्हणून तो हल्ला नाही. रुग्णालयातलं सामान नेणं ही लूट, तोही हल्ला नाही. म्हणजे टिंबक्टूत लढाई नसताना हल्ला आणि सायोत लढाई संपली म्हणून हल्ला नाही. सांस्कृतिक वारशाची गोष्ट वेगळी, असं खंडपीठाचं त्यावरचं उत्तर. पण करारात तर दोन्हीही एकाच उपकलमात, एकाच क्रियापदाखाली बसलेली आहेत!

अभियोक्ता अपिलात गेल्या. अपील पीठाने या एका शब्दावर बाहेरच्या तज्ज्ञांकडून मतं मागवली. प्राध्यापकांनी पाठवली, माजी लष्करी विधिअधिकाऱ्यांनी पाठवली. मी म्हटलं, चला, आता एकदाचं मिटेल. 30 मार्च 2021 ला निकाल लागला. माझा प्रबंध मे महिन्यात द्यायचा होता. लॉकडाऊनचे दिवस, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, गाइड सर फोनवर. अपील फेटाळलं हे लगेच कळलं. का फेटाळलं, ते शोधत मी दोन रात्री बसलो होतो. पाच न्यायाधीश, पण ‘हल्ला’ म्हणजे काय यावर एकाही अर्थाला बहुमत नाही. कुणाला प्रत्यक्ष लढाईतलीच कृती हवी, कुणाला त्याहून रुंद अर्थ हवा, आणि न्या. इबान्येझ कारांझा यांचं तर पूर्ण भिन्नमत. सरांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, “मग तू लिहिणार काय?”

हे मला आयसीसीबद्दलचं शेवटचं मत म्हणून मांडायचं नाही. कदाचित माझा विषयच नेमका त्या खड्ड्यावर होता. तुमचा विषय बालसैनिकांचा असेल तर काँगोतल्याच लुबांगा या बंडखोर नेत्याचा आयसीसीचा 2012 चा निकाल सोडून पुढे जाताच येणार नाही. आपल्याच तुकडीतल्या मुलींवर केलेले अत्याचारसुद्धा युद्धगुन्हा ठरू शकतात, हे एनटागांडाच्याच खटल्यात 2017 मध्ये अपील पीठाने म्हटलं, आणि ते धाडसाचं होतं. पीडितांचा सहभाग, भरपाई हे सगळं तिकडेच. फक्त निकालपत्रातल्या गोपनीयतेसाठी खोडलेल्या ओळींची सवय ठेवा. कधी कधी ऐन मोक्याच्या वाक्यावर ते घडतं.

युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाकडे मी गेलो तो नाइलाजाने. युगोस्लाव्ह लष्कराचा जनरल स्ट्रुगार, त्याचा 2005 चा निकाल उघडला. क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकच्या जुन्या शहरावर 6 डिसेंबर 1991 ला तोफा डागल्या गेल्या, त्याचा. इथे ‘हल्ला’ शब्दाशी झोंबायचंच नव्हतं. तिसऱ्या कलमात शब्द आहेत ताबा, विध्वंस, हेतुपुरस्सर नुकसान. न्यायालयाने इमारती एकेक करून तपासल्या, 52 ठिकाणी नुकसान सिद्ध धरलं, जुन्या शहरात लष्करी लक्ष्य नव्हतं असं ठरवलं आणि मगच लष्करी गरजेचा बचाव बाजूला सारला. ज्या मोकळेपणाला मी नावं ठेवली होती, त्यानेच माझं काम सोपं केलं.

आणि बोस्नियन सर्ब सेनानी गालिच. बोस्नियाची राजधानी सारायेव्होच्या वेढ्याचा हा 2003 चा निकाल मी अजूनही मध्येच उघडून वाचतो. तिथल्याच डोब्रिन्या भागात 1 जून 1993 ला इमारतींच्या मधल्या पार्किंगमध्ये फुटबॉलची टूर्नामेंट चालू होती, सुमारे दोनशे माणसं, त्यात बरीच मुलं. दोन गोळे पडले. बचाव पक्षाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, कारण गर्दीत सैनिकही होते आणि बऱ्यापैकी होते. न्यायालय ते मान्य करतं. गोळा कुठल्या दिशेने आला हे जमिनीवरच्या खुणांवरून तपासतं आणि मग म्हणतं की सैनिक असले तरी एवढ्या गर्दीवर गोळे टाकणं हे भेद न करणंच आहे. प्रमाणबद्धतेचा नियम (लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी अति नको) पुस्तकात चार ओळींचा असतो. तो मला त्या पार्किंगमध्ये समजला.

यांचेही घोळ आहेत, लपवत नाही. क्रोएशियन जनरल गोटोविनाच्या खटल्यात खालच्या पीठाने लक्ष्यापासून 200 मीटरच्या पलीकडे पडलेला गोळा बेकायदा धरला. अपील पीठाने 2012 मध्ये तो मापदंड निराधार ठरवला आणि तीन विरुद्ध दोन मतांनी आरोपींना सोडलं, पण मग किती मीटर, ते काही सांगितलं नाही. तोफखान्यावर लिहिणार असाल तर हा निकाल तुम्हालाही रडवेल.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला: भारत रोम कराराचा सदस्य नाही, जिनिव्हा करारांच्या 1977 च्या दोन्ही पूरक प्रोटोकॉलांचाही नाही, मग याचा आपल्याला उपयोग काय? आयसीसीवरच अडून बसलो असतो तर गप्प बसावं लागलं असतं. पण युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाच्या टाडिच खटल्यातला ऑक्टोबर 1995 चा निर्णय हाताशी होता. देशांतर्गत संघर्षालाही प्रथागत कायदा लागू होतो, हे तिथे मांडलंय, आणि प्रथेला सहीची गरज नसते. सशस्त्र संघर्ष कधी आहे म्हणायचं याची व्याख्याही तिथलीच. रोम कराराने थोड्या फरकाने ती उचलली आणि लुबांगाच्या खटल्यात आयसीसीही तिच्याच आधाराने बोलते. म्हणजे आयसीसी घेतलंत तरी टाडिच वाचावा लागणारच आहे.

माझी टाडिचची स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत ऑफिसातच आहे. परिच्छेद 70 ला पेन्सिलीची खूण आहे, समासात सरांच्या अक्षरात “आधी हे वाचायला हवं होतंस” असं लिहिलंय. हवी असेल तर न्या, फक्त झेरॉक्स काढून परत आणून द्या.