नाल्याला विचारायचं की दवाखान्याला? कोल्हापुरात साथीवर नजर ठेवण्याचे दोन मार्ग

पैसा मोजका आहे आणि शहरात कावीळ, गॅस्ट्रो, टायफॉइड कुठे डोकं वर काढतोय ते वेळेत कळायला हवं. मग मैलापाणी तपासायचं, की दवाखान्यांतून येणारे आकडे नीट गोळा करायचे? महापालिकेत, वैद्यकीय संघटनेत किंवा एखाद्या हॉस्टेलच्या कार्यालयात बसून ज्यांना हे ठरवायचंय, त्यांच्यासाठी हा आढावा. माझं मत आधीच सांगतो. कोल्हापुरात याचं उत्तर ऋतू बदलला की बदलतं आणि त्याला शहराचं मैलापाणी वाहून नेणारा जयंती नाला कारणीभूत आहे.

मैलापाण्याची खरी ताकद पोलिओत दिसली. पोलिओची लागण झालेल्या साधारण २०० जणांत एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीच्यांपैकी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, पण विषाणू त्यांच्या शौचातून बाहेर पडतच असतो. दवाखान्यात त्या एकाची वाट बघत बसलात तर तोवर विषाणू शेकडो घरं फिरून आलेला असतो. म्हणून मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने पोलिओसाठी तपासले जाऊ लागले. लंडनमध्ये २०२२ साली लुळेपणाचा एकही रुग्ण नसताना मैलापाण्यातच विषाणू सापडला आणि मुलांना जादा डोस देण्याची मोहीम निघाली. कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२०मध्ये, नेदरलँड्समधल्या आमर्सफोर्ट शहरात पहिल्या रुग्णाची नोंद व्हायच्या आधीच विषाणूच्या खुणा सांडपाण्यात मिळाल्या होत्या. आणखी एक फायदा म्हणजे नाला कोणाचं नाव-गाव सांगत नाही. तपासणीला घाबरून कोणी लपत नाही, कोणाच्या दारावर फलक लागत नाही.

हीच त्याची अडचणही आहे. कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राची क्षमता दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटरची. तिथल्या बाटलीभर पाण्यात कावीळीचा विषाणू वाढलेला दिसला, तरी तो कोणत्या पेठेतून आला हे कळत नाही. दवाखान्यातला रुग्ण मात्र पत्ता देतो. एकाच गल्लीतले चार रुग्ण आले की पाणीपुरवठ्याच्या माणसाला कुठली जलवाहिनी उकरायची ते समजतं.

दवाखान्याच्या बाजूची व्यवस्था नवी नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशात २००४ पासून आहे. त्यात आरोग्यसेविका लक्षणांची, डॉक्टर संशयित निदानाची आणि प्रयोगशाळा खात्रीच्या निदानाची माहिती भरतात, आता तीही ऑनलाइन. कागदावर सगळं छान आहे. प्रत्यक्षात माणूस आधी मेडिकलमधून गोळ्या घेतो, कावीळ असेल तर झाडपाला देणाऱ्याकडे जातो आणि अगदीच झालं तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाची पायरी चढतो. खासगी डॉक्टर रुग्णांच्या गर्दीत फॉर्म भरायला बसत नाहीत. शिवाय हिपॅटायटिस ‘ई’ची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या कावीळीची, लक्षणं दिसायला लागणीनंतर २ ते ८ आठवडे लागतात. म्हणजे आज दाखल झालेला रुग्ण महिन्याभरापूर्वी प्यायलेल्या पाण्याची हकिगत सांगत असतो. इचलकरंजीत २०१२ साली कावीळीची केवढी मोठी साथ झाली, ते या भागात कोणी विसरलेलं नाही.

मग कावीळीसाठी नाला पुढे का? आहे, पण थोडासाच. डोळे पिवळे व्हायच्या आधीपासून विषाणू शौचातून जात असतो, त्यामुळे काही दिवस हाताशी येतात. पण आपल्याकडच्या मैलापाण्यात हे विषाणू एरवीही अधूनमधून सापडतात. नुसता ‘सापडला’ असा अहवाल आला म्हणून धावपळ करण्यात अर्थ नाही. नेहमीची पातळी किती, हे आधी काही महिने दर आठवड्याला मोजून ठेवावं लागतं. हा पाया न घालता साथीच्या ऐन मध्यावर नमुने घेणं म्हणजे निव्वळ खर्च. डेंग्यूसाठी तर या वाटेला जाऊच नका. तिथे घरोघरी टाक्या-बॅरलमधल्या डासांच्या अळ्या बघणंच कामाला येतं.

आता जयंती नाला. बावड्याला जाणाऱ्या मैलापाण्याचा मोठा हिस्सा या नाल्यातून उपसून पाठवला जातो. उन्हाळ्यात त्यात बहुतेक घरांचंच पाणी असतं, नमुना दाट मिळतो. जूनमध्ये पाऊस धरला की त्यात डोंगरउतारांचं, रस्त्यांचं पाणी मिसळतं, विषाणू विरळ होतो आणि नाला बांधावरून ओसंडून सरळ पंचगंगेत जातो. गॅस्ट्रो आणि कावीळ वाढतात तेव्हाच नमुना सगळ्यात कमी भरवशाचा होतो. २०१९ आणि २०२१ सारखा महापूर आला तर नमुना घ्यायला जागाही उरत नाही.

पाणी किती विरळ झालं हे ओळखायची एक युक्ती आहे. मिरचीवर पडणारा एक निरुपद्रवी विषाणू आपल्या जेवणातून पोटात जातो आणि तसाच शौचातून बाहेर येतो. त्याचं प्रमाण मोजलं की पाण्यात माणसाचा मैला किती, याचा अंदाज लागतो. जगभर ही पद्धत वापरतात. तांबड्या रश्श्याच्या गावात या विषाणूची टंचाई पडायची नाही! तरीही पावसाळ्यातला हिशोब पूर्ण सुटत नाही.

दुसरी फट हद्दीची. उचगाव, पाचगाव, कळंबा ही गावं शहराला चिकटलेली, पण महापालिकेबाहेरची. सेप्टिक टँकवर चालणारी घरं बावड्याच्या नमुन्यात कधी येणारच नाहीत. हद्दवाढीचा वाद सुटेल तेव्हा सुटेल, तोवर तिथे आशाताईंची वही हाच आधार.

म्हणून एकाच गोष्टीला पैसे असतील तर ते दवाखान्याच्या बाजूला घाला: प्रत्येक प्रभागातले काही खासगी डॉक्टर आणि पॅथॉलॉजी लॅब निवडा, त्यांना रोज एक फोन जाऊ द्या आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन ओटी टेस्टने (थेंब टाकून रंग बघायच्या साध्या चाचणीने) तपासत राहा. पावसाळ्यात तर हेच करा. त्यावर थोडे उरले तर ऑक्टोबर ते मे दर आठवड्याला बावडा आणि दुधाळी या दोन्ही केंद्रांच्या तोंडाशी नमुना घ्या. एका क्षणाची बाटली नको, २४ तासांत थोडं थोडं गोळा केलेलं पाणी हवं. ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायचं. आरटी-पीसीआरची सवय कोविडमुळे आपल्या लोकांना झालीच आहे, पण विषाणू गाळून दाट करण्याचं काम वेगळं शिकावं लागेल आणि त्यासाठी खोलीही रुग्णांच्या नमुन्यांपासून वेगळी हवी.

हॉस्टेल किंवा मोठ्या वसाहतीचं गणित मात्र उलटं आहे. तिथे सगळं मैलापाणी एकाच चेंबरमधून जातं, त्यामुळे पत्ता आधीच ठाऊक असतो. अॅरिझोना विद्यापीठाने ऑगस्ट २०२०मध्ये एका वसतिगृहाचं सांडपाणी तपासून लक्षणं नसलेले दोन कोविडबाधित विद्यार्थी शोधले होते. टायफॉइडसाठी तर यंत्रही लागत नाही. १९४८ पासून माहीत असलेला उपाय म्हणजे कापडी गॉजची घडी दोरीला बांधून दोन-तीन दिवस चेंबरच्या प्रवाहात सोडायची आणि मग ती प्रयोगशाळेत द्यायची. मेसमधल्या स्वयंपाक्यांची वार्षिक तपासणी करत असाल, तर त्याच महिन्यात ही घडीही सोडा. एखाद्याच्या पोटात टायफॉइडचे जंतू मुक्कामाला असतील तर ते रोज पडतीलच असं नाही, आणि एका दिवसाच्या तपासणीत ते निसटतात.