नागपुरातले १८ हजार की पुण्यातले २६ हजार?

भंडाऱ्याचा एक विद्यार्थी गेल्या महिन्यात दोन ऑफर लेटर घेऊन माझ्यासमोर बसला. एक नागपूरच्या गायत्रीनगरमधल्या आयटी पार्कातल्या पन्नासेक माणसांच्या कंपनीचं, दुसरं पुण्याच्या हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीचं. "सर, इथे १८ आहेत, तिकडे २६. बाबा म्हणतात, महिन्याचे आठ हजार कोणी सोडतं का?"

मी कॉलेजात प्लेसमेंटचं काम बघतो. उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत हाच प्रश्न वेगवेगळ्या आकड्यांनी माझ्या टेबलावर येतो. त्याला कागदावर जे मांडून दाखवलं, तेच इथे मांडतो. भाड्याचे-मेसचे आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

२६ म्हणजे नक्की किती?

दोन्ही पत्रं नीट वाचली तेव्हा पहिलीच गोष्ट अशी निघाली की नागपूरच्या कंपनीने १८ हजार हा हातात येणारा पगार लिहिला होता, आणि पुण्याचे २६ हे त्याने स्वतः काढले होते. वर्षाचं पॅकेज ३ लाख १२ हजार, भागिले १२. इथेच बहुतेक मुलांची फसगत होते, कारण पॅकेज किंवा सीटीसी म्हणजे पगार नव्हे, कंपनीचा तुमच्यावर होणारा एकूण खर्च.

त्याच्या पुण्याच्या पत्रात बेसिक, म्हणजे मूळ पगार, १३,००० होतं. त्यावर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ म्हणजे १,५६० रुपये, आणि तेही २६ हजारांतच धरलेले. ग्रॅच्युइटीचे सव्वासहाशे त्यातच. वर्षाच्या पॅकेजचा दहावा भाग 'व्हेरिएबल', म्हणजे महिन्याला २,६०० रुपये असे की जे कंपनीचं आणि तुमचं वर्ष कसं गेलं त्यावर ठरणार. उरले २१,२०० च्या आसपास. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,५६० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात साडेएकोणीस हजारांच्या आतबाहेर. मुलींसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा: महाराष्ट्रात महिलांना महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर लागत नाही. तो कापलेला दिसला तर विचारा.

पीएफ तुमचाच पैसा आहे, तो बुडीत धरू नका. उलट नागपूरच्या कंपनीला मी त्याला हेच विचारायला लावलं: १८ हजार हे पीएफ कापून की न कापता? २० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ बंधनकारक आहे. पन्नास माणसांची कंपनी 'आमच्याकडे पीएफ नाही' म्हणाली, तर ती बाकीच्या बाबतीत कशी असेल याचाही अंदाज येतो. त्याच्या बाबतीत उत्तर 'कापून' असं आलं, म्हणजे पत्र साधं पण चोख होतं.

आठ हजारांचा फरक असा दीड हजारावर आला. मुलगा बराच वेळ गप्प होता.

महिन्याच्या शेवटी खिशात काय

पुण्यात पीजीतली एक कॉट ७,५०० धरली, दोन वेळची मेस ४,०००, चहा-नाश्ता आणि मेस बंद असते त्या रविवारच्या रात्रीचं जेवण २,०००, येणं-जाणं दीड हजार, फोन-कपडे-औषधं २,०००. वर्षातून चार वेळा गावी येणं धरलं तर महिन्याला हजार. झाले १८,०००. उरले दीड हजार. आणि हे सगळं डिपॉझिट सोडून. पहिल्या पगाराच्या आधीच खोलीसाठी पैसे मोजावे लागतात, ते घरून आणावे लागणार.

नागपुरात भंडाऱ्याच्या मुलाला खोली लागतेच. प्रतापनगर-त्रिमूर्तीनगरच्या बाजूला दोघांत खोली घेतली तर त्याच्या वाट्याला साडेतीन हजार, मेस ३,२००, वरचं खाणं दीड हजार, येणं-जाणं १,२००, किरकोळ २,०००, गावी जाणं-येणं चारशे. ११,८०० झाले, सहा हजारांच्या वर उरतात. अपडाऊन केलं तर खोलीचेही वाचतील, पण रोजचे तीन तास जातील. पहिल्या वर्षी संध्याकाळी शिकायला जी ताकद लागते ती गाडीत संपते. मी त्याला अपडाऊन करू नको म्हटलं.

ज्याचं घर नागपुरातच आहे, त्याने घरी चार हजार दिले तरी महिन्याला आठ-नऊ हजार सहज बाजूला पडतात. अशा मुलाने निव्वळ पगारासाठी पुण्याला जायचं तर पुण्याचा आकडा हातात येणारा २८-३० हजार तरी हवा, असं माझं मत आहे. पण जो गोंदिया-गडचिरोलीहून येतो, ज्याला नागपूरच परगाव आहे, त्याचा तराजू वेगळा. त्याने घर तर सोडलंच आहे. फरक कमी झाला की त्याने पैशांपेक्षा पुढच्या गोष्टींकडे जास्त बघावं.

कुठलं काम कुठे आहे

खरी तुलना इथे आहे. शहराचं नाव बाजूला ठेवा आणि तुमच्या शिक्षणाचं काम कुठे भरपूर आहे ते बघा.

मेकॅनिकल, ऑटोमोबाइल, टूल-डिझाइन केलेल्यांना मी सरळ सांगतो: पुण्याला जा. चाकण, पिंपरी-चिंचवड, रांजणगाव या पट्ट्यात वाहनं बनवणारे आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे एकमेकांना लागून आहेत. तिथे दोन वर्षांत जेवढी मशीन, जेवढ्या प्रोसेस डोळ्यांखालून जातात तेवढ्या इथे जाणं कठीण. आपल्याकडे हिंगण्यात ट्रॅक्टरचा मोठा कारखाना आहे, बुटीबोरीची एमआयडीसी आहे, बाजारगावकडे स्फोटकं आणि संरक्षण सामग्रीचं काम आहे, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं आहेत. जागा असतात, पण एक सुटली तर दुसरी लगेच मिळेल अशी दाटी नाही. माझी एक विद्यार्थिनी तीन वर्षांपूर्वी घरच्यांचा विरोध पत्करून चाकणला गेली, कमी पगारावर गेली, आणि तिचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

कॉम्प्युटर-आयटीवाल्यांचं चित्र तेवढं एकतर्फी राहिलेलं नाही. मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पात, टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, आयटी पार्कात पर्सिस्टंट आहे, शिवाय थेट परदेशी ग्राहकांचं काम करणाऱ्या लहान कंपन्या आहेत. २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली, त्यामुळे मिहानला जाणं पूर्वीइतकं अवघड नाही. फक्त एक गैरसमज काढून टाका. मोठ्या कंपनीत निवड झाली म्हणजे मिहानच मिळेल असं नाही. पत्रात 'जॉइनिंग लोकेशन' वेगळं असतं आणि पुढे कुठेही पाठवण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. 'नागपूरची नोकरी' म्हणून पेढे वाटले आणि पत्र चेन्नईचं आलं, असं आमच्याकडे घडलेलं आहे.

बी.कॉम.वाल्यांनी तर नागपूर सोडायची घाई करूच नये. इतवारी, गांधीबाग, कळमन्याचा व्यापार, रामदासपेठ-धंतोलीतली सीए ऑफिसं, वर्धा रोडची रुग्णालयं, देशाच्या मध्यावर असल्यामुळे वाढलेली गोदामं आणि वाहतूक, या सगळ्यांना टॅली आणि जीएसटी रिटर्न नीट भरणारी माणसं हवी असतात. दोन वर्षं एखाद्या सीएकडे कमी पैशांत घासून काम केलेला मुलगा पुढे पुण्यातही वरच्या पगारावर जातो.

एम.एस्सी.वाल्यांसाठी निरी (पर्यावरण संशोधन संस्था), केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था इथेच आहेत. त्यांच्याकडे प्रकल्पापुरती पदं निघतात. ती कायम नसतात हे मनाशी पक्कं करून अर्ज करा. पीएच.डी.कडे जायचं असेल तर हा अनुभव मोलाचा ठरतो.

दुसरी नोकरी

पहिल्या नोकरीची निवड करताना दुसरीचा विचार करा, असं मी म्हणतो तेव्हा पालक नाराज होतात. पण पुण्याचं पारडं जड होतं ते इथेच. तिथे खोली न बदलता कंपनी बदलता येते. प्रोजेक्ट बंद पडलं, बेंचवर (म्हणजे कामाविना) आलात, तरी त्याच शहरात पुढच्या मुलाखती मिळतात. ओळखीतून रेफरल, म्हणजे कंपनीतल्याच माणसाची शिफारस, मिळतात, आणि रेफरलने गेलेला बायोडाटा निदान वाचला तरी जातो. नागपुरात नोकरी गेली की काही जणांना थेट गावच बदलावं लागतं.

म्हणून नागपूर निवडणाऱ्याला माझी एक अट असते: काम असं हवं की त्याची दोन ओळींत नोंद करता येईल. काय बनवलं, कुठल्या साधनांनी, किती जणांच्या टीममध्ये. दोन वर्षं नुसतं 'जे येईल ते' केलं, तर पुढे पुण्याची कंपनीही विचारणार नाही.

अंतराचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ पासून नागपूरच्या अजनी स्टेशनहून पुण्याला वंदे भारत सुरू झाली, सुमारे १२ तासांत पोचवते. दिवाळीत मात्र तिकीट मिळणं आणि ट्रॅव्हल्सचे दर, दोन्हींचा विचार आधीच करून ठेवा. आईवडील आजारी असतील, घरात तुम्ही एकटेच असाल, तर हे १२ तास पगाराच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठे असतात. हे कारण सांगायला लाजू नका.

ऑफर नसताना जाणं

हा तिसरा पर्याय मुलं न सांगता निवडतात. मी स्वतः निवडला होता. पास झालो, मित्राच्या खोलीवर वाकडला पथारी टाकली, 'तिथे गेलं की काहीतरी होतंच' असं सगळे म्हणत होते. चार महिने गेले. एका कन्सल्टन्सीने नोकरीची हमी देऊन पैसे घेतले, प्रमाणपत्र दिलं, मुलाखत एकही लावली नाही. ते पैसे वडिलांनी सोसायटीतून उचललेले होते. शेवटी रात्रपाळीची मिळेल ती नोकरी धरली आणि तिच्यातून बाहेर पडायला दोन वर्षं लागली.

तेव्हा मुलाखतीला समोर हजर राहावं लागायचं, म्हणून जाण्याला थोडा तरी अर्थ होता. आता पहिल्या फेऱ्या बहुतेक ऑनलाइन होतात. घरी बसून अर्ज करा, टेस्ट द्या, शेवटच्या फेरीला बोलावलं तरच गाडीत बसा. नोकरीसाठी कोणी पैसे मागितले, 'लॅपटॉपचं डिपॉझिट' म्हणाले, की तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि बाँडसाठी (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारासाठी) मूळ मार्कशीट कोणाकडेही ठेवू नका, झेरॉक्स द्या.

आणि अभ्यासिका

दोन्ही ऑफर सोडून एमपीएससी करू का, हेही विचारलं जातं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक आहे, नऊ पेपर, १,७५० गुण, वर मुलाखतीचे २७५. लिहिण्याचा सराव नसेल तर एका वर्षात ती उरकेल असं समजू नका. खुल्या प्रवर्गाला वयाची ३८ वर्षांपर्यंत मुभा आहे, त्यामुळे बाहेरून कोणी थांबवत नाही, घड्याळ आपणच लावावं लागतं. घरून दोन वर्षांचा खर्च निघत असेल तरच पूर्णवेळ बसा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० मिळतात, पण ते ११ महिन्यांचं प्रशिक्षण आहे, नोकरी नाही. हातात ऑफर असताना या योजनेसाठी ती सोडू नये.

भंडाऱ्याच्या मुलाने त्या दिवशी माझ्यासमोर बसूनच दोन्ही कंपन्यांना मेल लिहिला. मला पहिले सहा महिने कुठल्या कामावर ठेवणार, शिफ्ट कुठली, आणि उत्तर द्यायला सोमवारपर्यंत वेळ मिळेल का, एवढंच. पुण्याहून उत्तर आलं की ट्रेनिंगनंतर ठरेल, शिफ्ट बदलत्या राहतील. आयटी पार्कवाल्यांनी टीम लीडशी फोनवर बोलणं करून दिलं. एका वेअरहाउसच्या सॉफ्टवेअरचं काम होतं, जावामध्ये, पाच जणांची टीम. बाबांना तो कागद दाखवायला घेऊन गेला, आणि एक तारखेला गायत्रीनगरला रुजू झाला. खोली त्रिमूर्तीनगरलाच मिळाली, साडेतीनऐवजी तीन हजार आठशेला.