सर्फॅक्टंटचा जोडीदार: भाररहित की धनभारित?

नवी मुंबईतील रबाळे किंवा महापे येथे द्रवरूप डिटर्जंट बनवणाऱ्यासमोर सर्फॅक्टंटच्या (मळ सोडवणाऱ्या, साबणासारख्या द्रव्याच्या) दोन मिश्रणांचा पर्याय असतो: सोडियम लॉरिल सल्फेट या ऋणभारित सर्फॅक्टंटला भाररहित जोडीदार द्यायचा की धनभारित. सोडियम लॉरिल सल्फेट एकटे असताना, २५ अंश सेल्सिअसला, लिटरमागे सुमारे ८ मिलिमोल झाल्यावरच मायसेल (रेणूंचे सूक्ष्म पुंजके) बांधू लागते, कारण त्याच्या रेणूंची ऋणभारित डोकी एकमेकांना दूर लोटतात. त्यांच्यामध्ये भाररहित सर्फॅक्टंटचे रेणू शिरले की हे अपकर्षण सौम्य होते आणि मायसेल बऱ्याच कमी संहतीलाच जुळतात. धनभारित जोडीदार घेतल्यास परस्पर आकर्षणामुळे ही मर्यादा आणखी खूप खाली उतरते. मात्र प्रमाण समसमान होऊ लागले की (आणि कागदावर मोह नेमका तिथलाच पडतो) द्रावण गढुळते व साका बसतो. बाटलीत भरायच्या मालासाठी मी भाररहित जोडीदारच निवडेन.